घर स्वतः उभं राहून बांधायचं की ठेकेदाराला द्यायचं? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत फ्लॅट घेणारे पुष्कळ, घर बांधणारे थोडे. पण गोराई-उत्तनची वडिलोपार्जित जागा, गावठाणातलं पडायला आलेलं घर, कर्जत-नेरळचा प्लॉट आणि कोकणातलं मूळ घर एवढं धरलं तरी प्रश्नांची रांग लागते. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘स्वतः बांधलं’ असं लोक म्हणतात ते नेमकं काय? विटा काही आपण रचत नाही.

नाही रचत. फरक असतो तो माल कोण आणतो, माणसं कोण लावतो आणि चुकलं तर कोणाच्या खिशातून जातं, एवढ्यात. मालासकट ठेका दिला की सिमेंटपासून नळापर्यंत सगळं ठेकेदाराचं. मजुरीवर दिलं की माल तुमचा. माणसं, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा आणि त्याचे टेकू) आणि मिक्सर त्याचा. तिसरा प्रकार रोजावरचा: ओळखीने किंवा नाक्यावरून गवंडी-बिगारी आणायचे, हजेरी मांडायची, आठवड्याला पगार वाटायचा. ‘स्वतः बांधलं’ म्हणणारे बहुतेक जण मजुरीवरच्या कामाबद्दल बोलत असतात. पूर्ण घर रोजावर बांधायच्या फंदात पडू नका. रोजावर काम संपवण्याची घाई फक्त मालकाला असते.

२. ठेकेदार मधून काढला तर त्याचा नफा तरी वाचेल ना?

थोडा वाचतो, सगळा नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आपले दर बसवताना ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतो. खासगी कामात आकडा वरखाली होतो, पण अंदाजाला हा बरा. आता ठेकेदार त्याच्या दरात काय काय सांभाळतो ते पाहा. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू. गवंड्यांना दिलेली उचल, जिच्यामुळे ते दुसऱ्या साइटवर पळत नाहीत. सप्लायरकडची उधारी. आणि मुकादमाचा पगार, म्हणजे सकाळी आठला साइटवर हजर असणारा एक माणूस. ठेकेदार गेला तरी यातलं काहीच नाहीसं होत नाही; ते तुमच्या अंगावर येतं. प्लेटा भाड्याने आणाव्या लागतात, आणि स्लॅब आठ दिवस लांबला की भाडंही आठ दिवस चढतं.

हिशेबात न धरलेली आणखी एक गोष्ट म्हणजे दर. महिन्याला शेकड्याने गोण्या उचलणाऱ्याला जो भाव मिळतो तो घरापुरत्या गोण्या घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणून मजुरीवर देऊन खरी बचत होते ती फिनिशिंगच्या मालात: टाइल्स, नळ, दारं, वायर, रंग. तिथे ठेकेदार बजेट पाहून ब्रँड खाली सरकवतो आणि तुम्ही चार दुकानं फिरून तो वर नेऊ शकता.

३. आम्ही दोघंही नोकरीला, राहायला गोरेगावात. घर गुहागरजवळ गावी बांधायचंय. रविवारी जाऊन जमेल का?

पूर्ण स्वतःच्या जिवावर नाही जमणार. घरातलं महत्त्वाचं काम झाकलं जाणारं असतं. पायाखालची जमीन, कॉलममधल्या रिंगा, बाथरूमच्या लादीखालचं वॉटरप्रूफिंग, भिंतीतले पाइप. मंगळवारी सळई बांधून बुधवारी काँक्रीट पडलं, तर रविवारी तुम्हाला गुळगुळीत कॉलम दिसतो. आत रिंगा सहा इंचांवर आहेत की दहा, ते कोण सांगणार?

अशांना माझा सल्ला ठरलेला आहे. सांगाडा, म्हणजे पाया, कॉलम, बीम, स्लॅब, भिंती आणि बाहेरचा गिलावा, मालासकट किंवा आयटम रेटने (प्रत्येक कामाचा वेगळा दर) ठेकेदाराला द्या. त्याच्यावर स्वतःचा इंजिनिअर नेमा. त्याची फी तुम्ही द्या, ठेकेदाराने नव्हे. फिनिशिंग मात्र स्वतःच्या हातात ठेवा. ते लांबलं तरी घर बिघडत नाही, आणि शनिवार-रविवारच्या फेऱ्यांत ते उरकतं. ‘गावी काका आहेत, ते बघतील’ हा पर्याय लोक फार सुचवतात. काकांनी कधी बार शेड्यूल, म्हणजे कुठे किती सळई याचा तक्ता, वाचलं असेल तर उत्तम.

४. आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट आणि साइट इंजिनिअर, तिघंही लागतात?

पहिले दोन नक्की. पालिका हद्दीत नकाशे आर्किटेक्ट किंवा लायसन्स्ड सर्व्हेअरमार्फतच दाखल होतात आणि सांगाड्याची जबाबदारी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या, म्हणजेच आरसीसी कन्सल्टंटच्या, सहीवर असते. साइट इंजिनिअर रोज नको. स्लॅब, बीम, पाया अशा ओतकामाच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी हवाच.

५. परवानग्या ठेकेदार काढतो म्हणाला. काढू द्यायच्या?

धावपळ त्याला करू द्या, पण कागद तुमच्या नावावर येतो आणि नोटीसही तुमच्याच नावावर येते. मुंबई महापालिकेत क्रम असा: इमारत प्रस्ताव विभागाकडून आधी अटींसह आयओडी (नकाशांना मंजुरी), अटी पुऱ्या केल्यावर सीसी (काम सुरू करायची परवानगी), जोत्यापर्यंतचं काम तपासल्यावर पुढची सीसी, शेवटी ओसी (राहायला जाण्याचा दाखला). मुंबईची बांधकाम नियमावली म्हणजे डीसीपीआर २०३४. किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेड (किनारी क्षेत्राचे निर्बंध) आणि विमानतळाच्या पट्ट्यात असाल तर उंचीचं ना-हरकत पत्र, हे दोन्ही आराखडा काढण्याआधी पाहायचं.

मुंबईबाहेर, वसई-विरार, कल्याण, बदलापूर या पट्ट्यात डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित नियमावली म्हणजे यूडीसीपीआर लागते. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या भूखंडांना सवलत आहे: ठरलेली कागदपत्रं आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी धरली जाते. लोक याचा अर्थ ‘नियमच नाहीत’ असा काढतात. सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) आणि उंचीची मर्यादा त्यांनाही पाळावीच लागते.

गावच्या जागेसाठी पहिला कागद सातबारा, आणि जमीन एनए (बिगरशेती) आहे की नाही हा पहिला प्रश्न. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींना जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मध्ये सोपा मार्ग आहे. त्याची चौकशी तहसील कार्यालयात करा, ठेकेदाराकडे नको.

६. कोळीवाड्यातलं जुनं घर आहे. दुरुस्तीची परवानगी घेऊन आतून सगळं नवीन बांधून देतो, असं ठेकेदार म्हणतो.

असं म्हणणारा ठेकेदार दर गल्लीत भेटतो. दुरुस्तीच्या नावाखाली भिंती पाडून कॉलम उभे केले की ते नवं बांधकाम होतं. पालिका कलम ३५४-अ खाली काम थांबवते. तोवर छप्पर उतरलेलं असतं आणि तुम्ही भाड्याच्या खोलीत असता. ‘नोटीस आली तर बघून घेऊ’ हे वाक्य तो करारात लिहून देणार नाही. खरंच दुरुस्ती करायची असेल तर जुन्या भिंती, क्षेत्रफळ आणि उंची यांचे फोटो व मोजमाप सर्व्हेअरच्या सहीने आधीच करून ठेवा.

गल्लीचा खर्च वेगळा धरा. ट्रक नाक्यावर थांबतो, पुढे रेती-खडी डोक्यावरून जाते आणि डेब्रिज तसंच परत येतं. अशा वाहतुकीचा दर ठेक्यात आहे की ‘एक्स्ट्रा’, हे आधी लिहून घ्या. शिवाय धुळीबाबतच्या पालिकेच्या २०२३ च्या सूचनांप्रमाणे एक एकरापेक्षा लहान जागेलाही २५ फुटी पत्र्यांचं कुंपण आणि कापडाचं आच्छादन मागितलं जातं. दाटीवाटीच्या वस्तीत ते कसं बसवणार, हे वॉर्ड कार्यालयात आधीच बोलून घ्या.

७. ‘चौरस फुटाला इतके’ असा दर ठेकेदार सांगतो. कोणते चौरस फूट?

भांडणाचं मूळ इथेच आहे. तुम्ही आतलं चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) धरता, तो स्लॅबचं क्षेत्रफळ धरतो. स्लॅबमध्ये भिंतींची जाडी, बाल्कनी आणि जिना येतो, शिवाय छज्जे आणि टाकीखालचा स्लॅब निम्म्याने धरायचा की पूर्ण, हे ज्याच्या त्याच्या रिवाजावर. नकाशाची प्रत घ्या, मोजायचा भाग पेनाने रंगवा आणि दोघांनी सह्या करा. याहून सोपा उपाय नाही.

आयटम रेटचं काम असेल तर मोजणी आयएस १२०० (मोजणीचं भारतीय मानक) प्रमाणे होईल असं लिहा. उदाहरणार्थ गिलाव्यात खिडकीची वजावट: उघडी जागा अर्ध्या चौरस मीटरपर्यंत असेल तर वजावट नाही. अर्धा ते ३ चौरस मीटरमध्ये एकाच बाजूची वजावट, कारण कडांचं काम भरून निघावं. ३ च्या वर दोन्ही बाजूंची. हे माहीत नसलं की मालकाला वाटतं आपण लुटलो गेलो, आणि कधी कधी खरंच लुटलेले असतो.

८. काँक्रीट चांगलं आहे हे मला कसं कळणार? मी बँकेत कारकून आहे.

डोळ्यांनी कळत नाही, म्हणून कागदावर आणायचं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे कुठल्याही आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) किमान एम २०; एम पुढचा आकडा जितका मोठा तितकी ताकद जास्त. समुद्रकिनाऱ्याच्या हवेला उघडं असेल तर किमान एम ३० आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर). आडोशाला असेल तर एम २५ आणि ३० मिलिमीटर. वर्सोवा, गोराई, उत्तन, वसईचा किनारा आणि कोकणची किनारपट्टी यात येते. स्लॅबच्या खालून पोपडे पडून गंजलेल्या सळया दिसणारी घरं या भागात भरपूर आहेत. बहुतेकांत कव्हरच नव्हतं.

आता गोम अशी की घमेल्याने मोजून केलेलं १:१.५:३ (सिमेंट, रेती, खडी) मिश्रण आयएस ४५६ फक्त एम २० पर्यंतच मान्य करतं. त्यापुढे डिझाइन मिक्स लागतं, म्हणजे वजनाने मोजलेला माल किंवा आरएमसीची (कारखान्यातून तयार येणाऱ्या काँक्रीटची) गाडी. किनाऱ्यावर रोजावर घर बांधणं मला पटत नाही त्याचं मुख्य कारण हेच. मिक्सरवर उभा असलेला बिगारी डब्याने पाणी ओततो, आणि काँक्रीट घट्ट वाटलं की आणखी एक डबा. एम २० च्या या घमेल्याच्या मिश्रणालासुद्धा एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी ठरवून दिलं आहे. त्याहून जास्त पडलं की ताकद गेली.

पाण्याचीही तपासणी करा. आरसीसीसाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. बोअरचं पाणी जिभेला गोडं लागलं की गवंडी ‘चालेल’ म्हणतो. जिभेला ५०० कळत नाहीत. किनाऱ्यावरच्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत द्या, नाहीतर टँकर मागवा.

ओतकामाच्या दिवशी १५० मिलिमीटरचे क्यूब (काँक्रीटचे चौकोनी ठोकळे) भरून घ्या आणि ७ व २८ दिवसांनी फोडून घ्या. क्यूबवर तारीख तुम्ही स्वतः कोरा. तयार क्यूब दुसरीकडून आणून फोडण्याची कला या धंद्यात जुनी आहे.

९. पाणी किती दिवस मारायचं, सेंट्रिंग कधी काढायचं?

साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस ओलं ठेवायचं, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १०. बाजारात आज बहुतेक गोण्या पीपीसीच्या असतात, तेव्हा १० च धरा. स्लॅबचे टेकू ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्यापुढे १४. बीमचे ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१. हे आकडे ओपीसीचे आहेत, पीपीसीला इंजिनिअर सांगेल तसे वाढवा. प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या असल्या की ठेकेदार पाचव्या दिवशी हात लावतो. पाणी मारणारा माणूस कोणाचा, हे करारात असू द्या. मजुरीच्या कामात तो नेहमी ‘मालकाचा’ निघतो.

१०. मजुरीवर देतोय. सिमेंट-सळई किती मागवू आणि चोरी कशी ओळखू?

ढोबळ अंदाज: चौरस फुटाला ०.४ गोणी सिमेंट आणि ४ किलोच्या आसपास सळई, म्हणजे हजार फुटांना ४०० गोण्या आणि ४ टन. खरा आकडा कन्सल्टंटच्या बार शेड्यूलमधून काढा. सिमेंट एकदम भरू नका. मुंबईच्या दमट हवेत गोण्या दगड होतात.

सळईचं गणित पाठ करा: व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई १०.६६ किलोची; टनाला साधारण ९४ नग. गाडी आली की वजनकाट्याची चिठ्ठी घ्या आणि नग मोजा. आयएस १७८६ या सळईच्या मानकात या जाडीला वजनात ५ टक्के फरक चालतो. टनाला शंभरीपार नग निघाले तर सळई हलकी आहे: तुम्ही पैसे टनाचे दिलेत, पण डिझाइनमध्ये नग मोजले जातात. आणि भंगाराचे तुकडे कोणाचे, हेही लिहा. हसू येईल, पण साइटवर यावरून मारामाऱ्या होतात.

११. पैसे कसे द्यायचे? तो ३० टक्के आगाऊ मागतोय.

१० टक्क्यांच्या वर आगाऊ देऊ नका, तेही पहिल्या दोन-तीन बिलांतून वळतं करून घ्या. टप्पे झालेल्या कामाला बांधा: जोतं, प्रत्येक स्लॅब, भिंती, गिलावा. ‘दर महिन्याला इतके’ असं नको. प्रत्येक बिलातून ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे राखीव रक्कम, ठेवा आणि ते एक पावसाळा पूर्ण गेल्यावर सोडा. मुंबईत गळती कळायला पावसाळाच लागतो, म्हणून मुदत महिन्यांत न मोजता पावसाळ्यात मोजा. वाढीव काम लेखी दर ठरल्याशिवाय सुरू करायचं नाही. व्हॉट्सअॅपवरचा ‘ओके’ही चालेल, तोंडी नको.

१२. जीएसटी आणि टीडीएसचं काय?

एकट्या स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाचा निव्वळ मजुरीचा ठेका जीएसटीतून मुक्त आहे. मालासकट ठेक्यावर १८ टक्के. मजुरीवर देण्याचा हा खरा फायदा, पण पूर्ण १८ टक्क्यांचा नव्हे, कारण माल घेताना तुम्ही कर भरताच. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कर लावणाऱ्याकडून नोंदणी क्रमांक असलेलं टॅक्स इनव्हॉइस घ्याच.

टीडीएस घरगुती कामाला बहुतेकांना लागत नाही. मात्र एका ठेकेदाराला वर्षात ५० लाखांच्या वर दिलेत तर २ टक्के कापून भरावे लागतात, नोकरदारालासुद्धा.

१३. स्वतः बांधलं तर बँक कर्ज देते का?

देते. आर्किटेक्टने प्रमाणित केलेलं अंदाजपत्रक आणि मंजूर नकाशे लागतात. आधी तुमचा हिस्सा खर्च करायचा, मग बँकेचा व्हॅल्युअर टप्पा बघून हप्ता सोडतो. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादा ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० आणि पुढे ७५. व्हॅल्युअर उशिरा आला की मजुरीचा पगार अडतो, म्हणून एका स्लॅबचे पैसे हाताशी ठेवा.

दोन मुदती लक्षात असू द्या. जुन्या करप्रणालीत व्याजाची २ लाखांची वजावट हवी असेल तर कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत घर पूर्ण व्हायला हवं, नाहीतर ३० हजारांवर समाधान मानावं लागतं. जुना फ्लॅट विकून त्या पैशांत बांधत असाल तर भांडवली नफ्याची सूट मिळायला बांधकाम ३ वर्षांत पूर्ण हवं. रोजावरच्या कामात इथेच फसगत होते: काम रेंगाळतं आणि बिलंही नसतात.

१४. काम कधी सुरू करावं?

दसऱ्यानंतर. मुंबईत पावसाची सरासरी तारीख ११ जून, म्हणजे मेअखेर वरचा स्लॅब पडायला हवा. मधे होळीला उत्तरेकडचे आणि मे महिन्यात लग्नसराईला बाकीचे कामगार गावी जातात. कोकणात शिमग्यालाही साइट ओस पडते. ठेकेदाराच्या वेळापत्रकात हे सण दिसत नसतील तर ते वेळापत्रक तुम्हाला खूश करायला लिहिलंय.

१५. कामगार परांचीवरून पडला तर जबाबदार कोण?

ठेका असेल तर ठेकेदार, पण त्याच्याकडे पैसे नसले की माणसं घरमालकाच्या दारात येतात, पोलीसही येतात. रोजावर असेल तर मालक तुम्हीच. वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन पॉलिसी पहिल्या दिवसाआधी हवी आणि तिच्यावर तुमच्या साइटचा पत्ता हवा. ‘माझी पॉलिसी आहे’ म्हणणाऱ्या ठेकेदाराची पॉलिसी कधी कधी तीन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच कामाची निघते.

१६. ठेकेदार मेव्हणाच आहे. करार केला तर बरं दिसेल का?

बायकोला मध्ये घालून आताच करून टाका. नंतर तिला दोन्हीकडून ऐकावं लागेल.

१७. ठेकेदाराने अर्ध्यात काम सोडलं. महारेरात जाऊ?

महारेरा विक्रीसाठीच्या प्रकल्पांसाठी आहे. स्वतःच्या घराचा ठेका त्यात बसत नाही. तुमचं दार ग्राहक आयोगाचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही ‘सेवा’ आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, तक्रार २ वर्षांच्या आत.

पण त्याआधी दुसरा माणूस साइटवर आणू नका. आधी लेखी नोटीस. मग स्वतंत्र इंजिनिअरकडून झालेल्या कामाची मोजणी, फोटो आणि अपुऱ्या कामाची यादी. नवा ठेकेदार आला की पहिल्याचं काम कुठे संपलं याचा पुरावाच उरत नाही. शिवाय ‘आधीच्याने वाट लावलीय’ म्हणून तो सगळं फोडायला सांगतो. काय फोडायचं ते त्या इंजिनिअरला ठरवू द्या.

१८. आमची सोसायटी बिल्डरऐवजी स्वतःच पुनर्विकास करतेय. हीच उत्तरं लागू होतील?

काँक्रीट, मोजणी आणि पैशांबद्दलची (प्रश्न ७ ते ११) होतील, बाकी खेळ वेगळा आहे. स्वयंपुनर्विकासाचा शासन निर्णय १३ सप्टेंबर २०१९ चा आहे आणि सोसायटीची प्रक्रिया सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या निर्देशांप्रमाणे चालते. तिथे सोसायटी बिल्डरच्या जागी बसते, पण ठेकेदार लागतोच. सभासद ‘आपलेच लोक आहेत’ म्हणून प्रकल्प सल्लागाराची फी वाचवायला निघाले, तर सर्वसाधारण सभेत प्रश्न ३ चं उत्तर मोठ्याने वाचून दाखवा.